बालवाडीची बाई व्हायला नेमकं काय शिकायचं?

मी बालवाडीत काम करते, त्यामुळे बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. कुणाच्या नणंदेची मुलगी असते, कुणाची शेजारीण असते, कुणी स्वतःसाठीच विचारत असतं की पोरगं आता शाळेत जायला लागलंय, दुपारपर्यंत मोकळीच असते, तर बालवाडी शिक्षिकेचा कुठला कोर्स करू. यंदा हा प्रश्न घरातूनच आला. संगमनेरची माझी भाची, दादाची धाकटी, आर्ट्सने बारावी झाली आणि तिने जाहीर करून टाकलं की मला लहान मुलांनाच शिकवायचंय, मोठ्यांना नाही. दादा म्हणाला, "एवढे टक्के काय बालवाडीची बाई व्हायला पाडले का?" आणि वहिनीने सरळ मला फोन लावून भाचीच्या हातात दिला.

दादाशी काय बोलणं झालं ते राहू दे, आमच्या घरात आवाज जरा मोठेच असतात. पण भाचीसाठी म्हणून मी जी शोधाशोध केली, जे आधीपासून माहीत होतं ते आणि जे नव्याने कळलं ते, सगळं एकदा लिहून ठेवते म्हणजे दर जूनला तेच तेच टाईप करायला नको.

सगळ्यात आधी एक विचित्र गोष्ट समजून घ्या. खासगी नर्सरीत शिकवायला प्रत्यक्षात जवळजवळ काहीच लागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. तीन ते सहाच्या मुलांबद्दल त्यात कलम ११ आहे, पण त्यात सरकारने अशा मुलांची सोय करावी एवढंच, तेही 'करता येईल' अशा भाषेत. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पहिलीपासून पुढच्या शिक्षकांना, भरतीचं पवित्र पोर्टल त्यांच्यासाठी, संचमान्यता (कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते) त्यांच्यासाठी. छोटा शिशु, मोठा शिशु, नर्सरी, केजी हे सगळं त्या कुंपणाच्या बाहेर. आता कुठे सरकारने खासगी पूर्वप्राथमिक शाळांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलीय. त्यामुळे तळमजल्यावरच्या टू बीएचकेत भिंतीवर मिकी माऊस रंगवून नर्सरी उघडणाऱ्या माणसाला तुमचा डिप्लोमा बघायची काही गरज पडत नाही, तो बघतो इंग्लिश बोलता येतं का आणि गॅदरिंगला डान्स बसवता येतो का.

मग शिकायचंच कशाला? हे दादानेही विचारलं.

तर कागदावर पात्रता ठरलेली आहे बरं का. एनसीटीईने, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, पूर्वप्राथमिकसाठी जी किमान पात्रता सांगितलीय ती अशी, बारावीला निदान ५० टक्के आणि वर किमान दोन वर्षांचा नर्सरी किंवा पूर्वप्राथमिक शिक्षणाचा डिप्लोमा, नाहीतर बी.एड. नर्सरी. गल्लीतली नर्सरी हे बघत नाही, पण केंद्रीय विद्यालयांनी २०२२-२३ पासून बालवाटिका (म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्ग) सुरू केल्या आणि तिथे कंत्राटी शिक्षिका घेताना जाहिरातीत नेमकी हीच अट येते. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, आणि संस्था एनसीटीईची मान्यता असलेली. उद्या इतर शाळांनाही अट लागू झाली तर ती याच धर्तीवर होणार हे उघड आहे, कारण २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर केलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एका माळेत. त्याचा राष्ट्रीय आराखडाही २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आला. दिशा ठरलेली आहे, वेग आपला सरकारी आहे एवढंच.

आणि इथेच पोरी फसतात. कारण बाजारात जे कोर्स दणक्यात विकले जातात ते सहा महिन्यांचे नाहीतर वर्षाचे असतात. एनटीटी (नर्सरी टीचर ट्रेनिंग), ईसीसीई (बालसंगोपन आणि बालशिक्षण), माँटेसरी टीचर ट्रेनिंग, 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त', वर सोनेरी सील, ब्रोशरमध्ये पदवीदानाचे काळे गाऊन आणि टोप्या. कोर्स वाईटच असतो असं नाही, काही ठिकाणी खरंच मनापासून शिकवतात. पण 'शासनमान्य' म्हटलं की विचारायचं, कुठल्या शासनाच्या कुठल्या खात्याची मान्यता आणि कशाची, संस्थेची की कोर्सची? ट्रस्ट नोंदणीचा कागद दाखवून मान्यता आहे म्हणणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. एनसीटीईच्या वेबसाईटवर मान्यताप्राप्त संस्थांची राज्यवार यादी असते, तिथे नाव शोधायचं, सापडलं तर पुढचं बोलायचं. पूर्वप्राथमिकचा दोन वर्षांचा डीपीएसई नावाचा डिप्लोमा आहे, तो दिल्लीकडे डाएटमध्ये (सरकारी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांत) चालतो, आपल्याकडे मात्र शोधत फिरावं लागतं. म्हणून मग महाराष्ट्रातल्या मुलीला दुसऱ्या वाटा बघाव्या लागतात.

पहिली वाट सगळ्यांच्या तोंडी असते ती डी.एड.ची, म्हणजे आताचं डी.एल.एड. बारावीनंतर दोन वर्षं. आमच्या वेळी याला काय भाव होता! डी.एड.ला नंबर लागला की पेढे वाटायचे. मग गल्लोगल्ली अध्यापक विद्यालयं निघाली, भरती थांबली, पोरं डी.एड. होऊन मेडिकलच्या दुकानात उभी राहिली आणि विद्यालयं ओस पडून एकेक करून बंद झाली. आता परत थोडा जीव आलाय, त्याचं एक कारण म्हणजे सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल. त्याआधी २०१८ च्या एनसीटीईच्या अधिसूचनेमुळे बी.एड.वालेही पहिली ते पाचवीला चालत होते, कोर्टाने सांगितलं चालणार नाहीत. त्यामुळे प्राथमिकला शिकवायचं तर डी.एल.एड. आणि टीईटीचा पेपर एक. 'बी.एड. केलं की कुठेही चालतं' असं सांगणारे काका अजून प्रत्येक घरात आहेत, त्यांना हे सांगा.

पण भाचीला मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, डी.एल.एड. हा पहिलीपासून वरच्या वर्गांचा अभ्यासक्रम आहे. सराव पाठ घ्यायला तू चौथीच्या वर्गात जाशील, पाठटाचण काढशील, भागाकार शिकवशील, बालमानसशास्त्र पेपरला असेल, पण शू झाली म्हणून रडणाऱ्या, बोलता न येणाऱ्या, जेवताना झोपणाऱ्या तीन वर्षांच्या पोराशी तुझी गाठ पडेलच असं नाही. पक्की सरकारी नोकरी डोक्यात असेल तर हीच वाट. बालवाडीच डोक्यात असेल तर हिच्या जोडीला आणखी काहीतरी लागेल.

दुसरी नवी वाट, चार वर्षांचा एकात्मिक कोर्स, आयटेप म्हणतात. बारावीनंतर चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकत्र, २०२३-२४ पासून सुरू झालाय. यात पायाभूत स्तर निवडता येतो म्हणजे थेट तीन ते आठ वयाचंच शिक्षण, हे मला फार आवडलं. प्रवेशासाठी एनसीईटी नावाची परीक्षा असते, एनटीए ही केंद्राची परीक्षासंस्था घेते, मराठीतूनही देता येते. आपल्या पट्ट्यासाठीची केंद्रीय संस्था म्हणजे भोपाळचं रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, महाराष्ट्र-गोवा त्याच्याच अखत्यारीत येतात. धोरणात तर २०३० पर्यंत शिक्षकांसाठी हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय. पण प्रत्येक कॉलेजात प्रत्येक स्तर नसतो, माध्यमिकचीच तुकडी जास्त दिसते, म्हणून फॉर्म भरताना 'आयटेप आहे' एवढ्यावर खूश होऊ नका, पायाभूत स्तराची तुकडी तिथे आहे का ते विचारा. भाचीची ही परीक्षा यंदा हुकली कारण घरात कुणाला माहीतच नव्हती, बारावीनंतर लगेच जायचं तर निकालाआधीच अर्ज करावा लागतो.

तिसरी वाट आमच्याकडे लोकांना हसू येतं अशी. होम सायन्स. "म्हणजे स्वयंपाक शिकवतात ना तिथे?" असं दादा खरंच म्हणाला. अहो, होम सायन्समध्ये ह्यूमन डेव्हलपमेंट म्हणून अख्खा विषय असतो, मूल पोटात असल्यापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा वाढतो ते. मुंबईत एसएनडीटीला आहे (महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं विद्यापीठ, तेच), निर्मला निकेतनचं होम सायन्स कॉलेज आहे, आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तर या विभागाची स्वतःची चेतन बालवाडी आहे. विभागाच्या अंगणातच बालवाडी असणं म्हणजे काय चीज आहे हे या धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. सकाळी लेक्चरमध्ये ऐकलं की दोन-अडीच वर्षांची मुलं एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळतात, एकमेकांबरोबर नाही, आणि तासाभराने खाली जाऊन बघितलं तर दोघं शेजारी शेजारी वाळू भरतायत, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. हे एकदा दिसलं की 'शेअर करा, शेअर करा' म्हणून मुलांच्या मागे लागणं आपोआप कमी होतं.

शिवाय ही पदवी आहे, त्यामुळे दरवाजे जास्त उघडे राहतात. अंगणवाड्यांवरच्या मुख्यसेविकेच्या पदाला पदवी लागते, पुढे स्पर्धा परीक्षा देऊन बालविकास प्रकल्प अधिकारीपर्यंत जाता येतं, संस्थांमध्ये कामं असतात, नाहीतर विशेष मुलांच्या शिक्षणाकडे वळता येतं. त्या शेवटच्या वाटेसाठी मात्र आरसीआयने (भारतीय पुनर्वास परिषदेने) मान्य केलेलाच कोर्स लागतो आणि नोंदणी करावी लागते, तिथे काही चालढकल चालत नाही. बांद्र्याचं अली यावर जंग इन्स्टिट्यूट त्यातलंच, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी. बालवाडीत काम करणाऱ्या प्रत्येकीला वर्षात एक तरी मूल असं भेटतं की वाटतं, याच्याबद्दल मला अजून माहीत असायला हवं होतं.

आता माँटेसरी. हे नाव आपल्याकडे कुणीही पाटीवर लिहू शकतं, त्यावर कुणाची मालकी नाही, म्हणून कोपऱ्यावरचं 'किलबिल माँटेसरी' आणि खरी माँटेसरी पद्धत यांचा संबंध असेलच असं नाही. मारिया माँटेसरी स्वतः १९३९ ला भारतात आल्या, मद्रासच्या अड्यारला राहून शिक्षकांचे वर्ग घेतले, महायुद्ध पेटलं आणि त्या इटालियन म्हणून इथेच अडकल्या, १९४६ पर्यंत. त्यांनीच १९२९ मध्ये स्थापलेली एएमआय ही संस्था अजून डिप्लोमा देते. तो कोर्स केलेल्या बायका लगेच ओळखू येतात. प्रत्येक साधन कसं मांडायचं, कुठल्या हाताने उचलायचं, किती बोलायचं याचे हाताने लिहिलेले, चित्रं काढलेले जाडजूड अल्बम त्यांच्याकडे असतात आणि त्या जीव गेला तरी ते उसने देत नाहीत. कोर्स उत्तम, महाग, पूर्णवेळ. पण सरकारी पात्रतेत त्याने काम होईल असं समजू नका, हा हात तयार करणारा कोर्स आहे, कागद तयार करणारा नाही. पदवी झाल्यावर करा असं माझं मत.

आता इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, बालशिक्षणाचा डीईसीई डिप्लोमा, बारावीनंतर, घरबसल्या, फी कमी, पुस्तकं अतिशय चांगली. खरं सांगते, त्याची पुस्तकं वाचून काही कॉलेजांच्या नोट्स फेकून द्याव्याशा वाटतात. पण तो एक वर्षाचा आहे, वर सांगितलेली दोन वर्षांची अट त्याने भागत नाही. ज्या आधीच बालवाडीत काम करतायत, ज्यांना वर्गात रोज मुलं आहेत आणि मागे वाचन नाही, त्यांच्यासाठी याच्यासारखं दुसरं नाही.

आणि अंगणवाडी. हे मी मुद्दाम लिहितेय कारण शहरातल्या मुली हा शब्द आला की नाक मुरडतात. अंगणवाड्या ज्या सरकारी योजनेत चालतात ती आयसीडीएस (एकात्मिक बालविकास सेवा योजना) २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, सेविकेला आता आपल्या राज्यात बारावी पास लागते, त्याच गावची रहिवासी असावी लागते, आणि जे मिळतं त्याला पगार नाही, मानधन म्हणतात. धोरणात म्हटलंय की बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाचा ईसीसीईचा कोर्स द्यायचा. वजनं, लसीकरण, पोषण आहार, मोबाईलमध्ये माहिती भरणं, निवडणुकीची कामं, यातून उरलेल्या वेळात बालशिक्षण. तरी सांगते, चांगल्या सेविकेकडून जेवढं शिकायला मिळतं तेवढं आमच्या एसी नर्सऱ्यांत मिळत नाही. अंगणवाडीची कल्पनाच मुळात आपल्याकडच्या बायकांची. ताराबाई मोडक राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, त्या ती नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, पुढे १९४५ ला बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि तिथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. साधनं काय, तर शिंपले, बिया, काड्या, दगड. दादाला मी हेच सांगितलं की ताराबाईंना १९६२ ला पद्मभूषण मिळालंय 'बालवाडीची बाई' म्हणून, तुझ्या ऑफिसात कुणाला मिळालंय का बघ. तो काही बोलला नाही, चहा पित राहिला.

तर इतक्या वाटा झाल्यावर निवडायचं कसं? भाचीला घेऊन मी सुट्टीत काही कॉलेजं फिरले. इमारत, लॅब, प्लेसमेंटचा फलक हे सगळं तिथले लोक दाखवतातच. मी एकच मागायचे, मागच्या वर्षीच्या मुलींच्या निरीक्षण वह्या दाखवा. काही ठिकाणी वहीच नव्हती. एका ठिकाणी होती, कव्हरला लेस लावलेली, आत स्केचपेनने बॉर्डर, आणि मजकूर असा, 'मुलगी आनंदी होती. तिने छान खेळ खेळला. मला खूप आवडले.' सगळ्या वह्यांत जवळपास तेच, अक्षर वेगळं. आणि दुसऱ्या एका साध्याशा कॉलेजात कळकट वही निघाली, त्यात होतं, दहा वाजून दहा मिनिटं, तीन ठोकळे रचले, चौथा ठेवताना पडले, बाईंकडे बघितलं, बाई दुसरीकडे बघत होत्या, परत रचायला घेतलं, या वेळी मोठा ठोकळा खाली. बाजूला लाल पेनाने शिक्षिकेने विचारलेलं, 'मोठा ठोकळा खाली हे त्याने कुणाचं बघून केलं की स्वतः? पुढच्या वेळी लक्ष ठेव.' मी भाचीला म्हटलं, ही लाल पेनवाली बाई जिथे आहे ना तिथे शिकायचं.

बाकी विचारायचं ते एवढंच की सराव कुठल्या बालवाडीत असतो, सलग किती आठवडे असतो (वर्षभरात सुटे सुटे चार दिवस म्हणजे सराव नव्हे, मुलांना तुमचं नावही पाठ होत नाही), जूनचा पहिला आठवडा त्यात येतो का, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी स्वतः कधी बालवाडीचा वर्ग सांभाळलाय का. शेवटचा प्रश्न विचारल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात. आणि थर्माकोल, ग्लिटर आणि पुठ्ठ्याची घरं जिथे कपाटात काचेमागे ठेवलीयत तिथून सरळ बाहेर पडा. मुलांच्या हातात जात नाही ते साहित्य कसलं.

जूनचा पहिला आठवडा का म्हणते ते सांगते. आमच्याकडे एक मुलगा आला, पाठीवरची बॅग काढायला तयार नाही. गोलात बसताना बॅग, डबा खाताना बॅग, शूला जाताना बॅग. नवी आलेली ताई त्याच्या मागे लागली, "काढ ना बाळा, बघ सगळ्यांनी काढली." आवाज गोड होता तिचा, वाईट काहीच नव्हतं त्यात, पण पोरगं दोन्ही पट्टे आणखी घट्ट धरायला लागलं. आमच्या मोठ्या बाईंनी तिला लांबूनच खुणेने थांबवलं. मग एका पाटावर दोन वाडगे आणि एक स्पंज ठेवला, या वाडग्यातलं पाणी स्पंजने त्या वाडग्यात पिळायचं, आणि त्या स्वतः दोन-तीनदा करून उठून गेल्या. पोरगं बॅगेसकट येऊन बसलं. काही दिवस बॅगेसकटच पिळत राहिलं. मग एकदा पट्टा खांद्यावरून घसरून सारखा कोपरात यायला लागला, पाणी सांडायला लागलं, तर त्याने स्वतःच बॅग काढली, मांडीला चिकटवून ठेवली आणि परत पिळायला घेतलं. बाईंनी बघितलं, वहीत लिहिलं, टाळ्या नाही, शाबास नाही, काही नाही. घरून आलेली तेवढी एकच ओळखीची वस्तू होती त्याच्याजवळ, ती आपण का हिसकावायची? आणि स्पंज पिळून पिळून जी बोटं मजबूत होतात तीच पुढे पेन्सिल धरतात, त्यामुळे ज्या आया विचारतात की 'अजून लिहायला का देत नाही', त्यांना उत्तरही तिथेच तयार असतं, फक्त ते देता आलं पाहिजे. हे मोठ्या बाईंना अंगभूत येत नव्हतं, त्या शिकलेल्या होत्या आणि रोज बघत आल्या होत्या. दादाच्या 'कशाला शिकायचं' याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

पैशाचं बोलूया कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या भागात छोट्या नर्सरीत सुरुवातीचा पगार अजूनही कित्येकदा चार आकडीच असतो, मोठ्या इंग्लिश मीडियम शाळेला जोडलेल्या केजीत बरा, आणि मे महिन्याचा पगार देणार का हे मुलाखतीतच विचारून घ्यायचं असतं. त्यामुळे खासगी संस्थेच्या वर्षाच्या कोर्सला लाखाच्या घरात फी भरताना हिशोब करा, ती परत कधी निघणार. 'प्लेसमेंटची हमी' म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्याच फ्रँचायझीत तुम्हाला कमी पगारावर घेतात. कर्ज काढून तर मुळीच करू नका.

अमेरिकेत गेलेल्या मैत्रिणी विचारतात त्यांच्यासाठी थोडक्यात, तिथे सीडीए नावाचं प्रमाणपत्र चालतं, १२० तासांचं शिक्षण आणि मुलांबरोबर ४८० तासांचा अनुभव लागतो. बघा, तिथेही वर्गात बसण्याच्या चौपट तास मुलांमध्ये. नियम राज्याराज्यात वेगळे आणि तुमच्या व्हिसावर काम करता येतं का ते आधी तपासा.

भाचीचं आता असं ठरतंय की ह्यूमन डेव्हलपमेंटसाठी मुंबईला फॉर्म भरायचा, जोडीला डी.एल.एड.चाही भरून ठेवायचा, आणि प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंत सकाळी माझ्याबरोबर बालवाडीत यायचं. एका पोराने तिच्या ओढणीला नाक पुसलं तरी ती दुसऱ्या दिवशी आली, म्हणजे बरीचशी परीक्षा झाली असं मी धरते. मुंबईच्या हॉस्टेलचा खर्च हा मोठा प्रश्न आहे. होस्टेल नाही मिळालं तर मग डी.एल.एड. आणि शेजारी सराव म्हणून आमची बालवाडी, तेही काही वाईट नाही.

पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी बारावी आहे त्यांनी मात्र एक करा, एनसीईटीची सूचना कधी येते यावर हिवाळ्यापासूनच लक्ष ठेवा, आणि डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर जे काय लागणार असेल त्याचे अर्ज परीक्षेआधीच टाकून द्या, निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हर तर नेमका तेव्हाच बंद असतो.